अर्ध्या तासाचं अंतर

स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत,
एक चारकोपचं, एक विनिपेगचं.
थंडीत दोघांच्या काट्यांत अर्ध्या तासाचाच फरक.
माझी रात्र आणि तुझी सकाळ
हे काट्यांना कुठे दिसतं?
पाहुण्याला वाटेल, यातलं एक जरा पुढे धावतंय,
सेल बदला.

तू निघताना म्हणालास, सहा महिने,
फार तर आठ.
मी डाळीच्या डब्यावर खडूनं आठ रेघा ओढल्या.
डबा दोनदा घासून झाला, निनाद,
रेघाही गेल्या.

रोज सकाळी दूध तापायला ठेवते आणि आकडे टाकते.
तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे.
पीठ आंबतं तीही प्रक्रियाच,
आणि विसरलं तर सडतं, तीही.
कुठली ते मात्र लिहीत नाहीत.

घरी चौकशीला आलेले खरपुडे हवालदार आठवतात?
डिकुन्हा अंकलना साक्षीला बोलावलं,
चहात साखर नको म्हणाले,
आणि लिहून दिलं की या बाईविरुद्ध काही नाही.
वैशाखात ते गेले. नाकाबंदीवर होते म्हणे.
त्यांचा दाखला
त्यांच्यापेक्षा दोन महिने जास्त जगला.
आता नवा आणा म्हणतात.
मेडिकलही नवं,
माझी छाती एका वर्षापुरतीच स्वच्छ धरली होती त्यांनी.

सप्टेंबरात रिक्षा करून बीकेसीला गेले.
ड्रायव्हरच्या आणि माझ्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा,
वारा आला की फुगायचा,
त्याचं बोलणं मला अर्धंच ऐकू यायचं.
काचेच्या दारावर मार्चमधला कागद:
पुढील सूचनेपर्यंत बंद.
चारी कोपऱ्यांची सेलोटेप पिवळी पडलेली.
वॉचमन म्हणाला, ताई, मलाही कोणी काही सांगत नाही,
मी फक्त दार बंद आहे ना, ते बघतो.

डिसेंबरात उघडलं. बोटांचे ठसे द्यायला गेले.
मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवा.
उजवा अंगठा पुन्हा ठेवा.
आठ महिने बाई नव्हती कामाला,
भांडी, लादी, वरून सॅनिटायझर,
बोटांवरच्या रेषा कुठे वाहून गेल्या कोण जाणे.
पारदर्शक ढालीमागची मुलगी चांगली होती बिचारी,
हळूच म्हणाली, मलई चोळा मॅडम, आणि पंधरा दिवसांनी या.
म्हणजे मी मीच आहे
हे सिद्ध करायला मला दुधावरची साय लागणार होती.
हसू आलं. मास्कच्या आत.
तिथे कुणाला दिसणार?

शाल्मलीच्या फोटोत पुढचे दोन दात आहेत,
तोंडात नाहीत.
अर्जातली मुलगी चारच वर्षांची राहिलीय,
ही मात्र साडेपाचची झाली.
बाहुल्यांना ओळीत बसवते,
मध्ये फूटपट्टीनं अंतर मोजते,
टेबलामागून सांगते,
तुमची फाइल वर गेलीये.
वर कुठे, मी विचारलं.
तिनं माळ्याकडे बोट दाखवलं,
जिथे तुझी रिकामी सूटकेस आहे.

लोक म्हणतात, माणसं मरतायत,
आणि तुला व्हिसाचं पडलंय.
खरंय. मी गप्प बसते.
समोरच्या इमारतीत पुन्हा पत्रे ठोकलेत परवापासून.
पण रागालाही खोली लागते घरात,
कुठे ठेवू?
भिजत घोंगडं वाळत तरी कुठे घालू?

काल रात्री तू सांगितलंस,
आमच्याकडे आज घड्याळ एक तास पुढे.
स्टुलावर चढले, काटा सरकवला.
गेलास त्यापासून तिसऱ्यांदा.
तुझ्या त्या सरकारनं
ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी केलेलं
हे एकच काम.

खाली उतरून पाहिलं.
आता दीड तास.