मोल

खानापुरात, स्टेशन रोडच्या अंगणवाडीवर
भरमाण्णा पेंटरनं ससा काढला,
आणि चौथ्या पायाच्या जागी
नेमकी खिडकी आली.
"असू दे बाई. पळताना कुठं दिसतात चारी?"

खाली लिहिलं : ससा.
बुधवारी सायब आले, म्हणाले, वर कन्नडातनं घाला.
त्यानं घातलं : मोल.
त्याच ब्रशनं. पांढरा उरला होता थोडा.

तेव्हापासनं शेवंता गावड्याची पोर विचारतीय,
"आई मोलानं जाते भांडी घासायला,
म्हणजे सशावर बसून?"

मी काय सांगू?
एका दाखल्यापायी माझी ससेहोलपट झाली,
बेळगाव, धारवाड, परत बेळगाव.
मागं ससेमिरा लागला तो बत्तीस वर्षं.
एवढ्या कागदांत
ससा म्हणून एकही दिसला नाही.

सायब भिंतीकडं बघून हसले :
तानु हिडिद मोलक्के मूरे कालु.
आपण धरलेल्या सशाला तीनच पाय.
हट्टी माणसाला असं म्हणतात म्हणे.
कुठल्या माणसाला, ते बोलले नाहीत.
मी चहा पुढं केला. साखर जास्त झाली होती.

दुपारी मुलं झोपली.
एकटा मल्लू जागा. खिडकीत चढून
त्यानं एक पाय बाहेर सोडला,
गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीचा,
बरोब्बर तिथं.

"आत घे रे, पडशील!"

घंटा होईपर्यंत
घेतला नाही त्यानं.