सत्त्याहत्तर अक्षरं

दुकानदार म्हणाला, अक्षरामागे चार लारी.
सियालाने बोटांवर हिशेब केला:
चिआतुरा, त्यांच्या लिपीत सात अक्षरं,
आणि पोरी अकरा.
"गावाचं नाव जरा आखूड असतं तर,"
एवढंच पुटपुटली
आणि जुन्या बाजारातल्या शर्टांचा गठ्ठा काखोटीला मारून
तारेवरच्या पाळण्यातून वर घरी आली.

ही लिपी सगळी वाटोळी.
वर शिरोरेघ नाही
की अक्षरांनी लटकावं एका दोरीवर.
तिने मोठ्या वळणाला जेवणाची ताटली घेतली,
लहानाला चहाचा पेला,
आणि कापडाला ओतारचे तीन कोट,
खाणीतले, नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचे,
शिवणीत अजून काळी भुकटी.

"खाण उघडली तर मी काय घालू?"
कात्री थांबली नाही.

टाचण्या कशाला, पिठाची खळ होती.
खळ, इस्त्री, मग मशीनची नागमोडी टीप,
रात्री दोनपर्यंत.
शहात्तर झाली आणि कापड संपलं.
ओतार उठला,
चौथ्या कोटाचा खिसा रिकामा केला,
पेन्सिलीचा तुकडा, एक बिल्ला,
आणि खिसाच उसवून दिला.

पोरी चार गोलांनी हरल्या.
परतताना बस घाटात बंद पडली,
सगळ्या उतरून ढकलायला लागल्या,
मागून ट्रकचा उजेड आला
आणि अकरा पाठींवर गाव पेटलं.

नताच्या पाठीवर एक अक्षर उलटं होतं.
ओतारने पाहिलं.
खांदा लावून ढकलत राहिला.