नवव्या प्रकरणातली गाठ

पुस्तक येऊन तीन आठवडे झाले.
क्लाक्सविकमध्ये माणसं जेमतेम पाच हजार,
म्हणजे माझा टीकाकार मला रोज भेटतो,
दुकानात, बटाट्यांच्या टोपलीपाशी.

मासळीच्या काउंटरवरची एल्सपा
कॉडचा तुकडा कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"तुझी ती आई फारच रडते गं.
आमच्या आया कुठे रडायच्या? लोकर विंचरायच्या."
आणि त्याच संध्याकाळी धक्क्यावर
निवृत्त कप्तान हानुस,
न पेटवलेला पाइप दातांत धरून:
"बाई आहे की दगड? पोरगा बुडाला,
आणि ही मोजे विणत बसली!"

घरी येऊन मी ते पान काढलं. एकशे बारा.
त्यात आई रडत नाही, विणतही नाही.
ती किटलीचं झाकण शोधते.
एवढंच.

तोरशाव्हनच्या एका वर्तमानपत्राने नाक मुरडलं: संथ.
दुसऱ्याने पाठ थोपटली: संथ.
दोन्ही कात्रणं मी एकावर एक ठेवून
खिडकीच्या उजेडात धरली.
काय शोधत होते कोण जाणे.

पहिल्या रात्री मी उत्तरही लिहिलं होतं, चार पानी,
शेवटी एल्सपाच्या तराजूचासुद्धा उद्धार केलेला.
पण वारा असा सुटला होता
की टपालपेटीपर्यंत जाववेना.
सकाळी वाचलं तर तिसऱ्या पानावर
मी माझ्याच पुस्तकाचा अर्थ समजावत होते,
आणि तो मला पटत नव्हता.
वाऱ्याचे उपकार.

नवरा, तायतूर, बरं बरं तेवढं मोठ्याने वाचतो.
वाईट कात्रणं लपवतो खणात,
जुन्या बॅटऱ्यांखाली.
तो झोपला की मी खण उघडते,
जिभेने दुखरी दाढ चाचपावी तशी.
कुणी तरी लिहिलंय, 'लेखिकेला समुद्र कळत नाही.'
मी समुद्रापासून चाळीस पावलांवर जन्मले.
पण हे काही उत्तर नव्हे.

मग स्वीनोय बेटावरून पत्र आलं.
पेन्सिलीचं, अक्षर थरथरतं.
'नवव्या प्रकरणात मुलगा ज्या गाठीने होडी बांधतो
ती ओल्या दोराला धरत नाही.
माझ्या भावाची सुटली होती.
पुढचं वाचलेलं नाही. तिथेच थांबलोय.
— योग्वान'

या पत्राला खणात जागा नव्हती.

मंगळवारच्या बोटीने गेले.
सगळा प्रवास उलट्या आवरण्यात गेला
(समुद्र कळत नाही, बरोबरच आहे).
योग्वानने नाव विचारलं नाही, ये म्हणाला,
दोर बादलीत भिजवला,
आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी
गाठ मारून दाखवली. एकदा. सावकाश. पुन्हा.
माझी पाच वेळा सुटली.
सहाव्यांदा त्याने दोर ओढून पाहिला,
पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून,
जणू पलीकडच्या टोकाला कुणी होतं.
"हां," म्हणाला.

पुस्तकाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.
मीही काढला नाही.
चुलीवर किटली खदखदत होती,
तिच्यावर झाकण म्हणून बशी.
मी बशीकडे पाहिलं.
त्याने मला पाहताना पाहिलं,
आणि कप पुढे सरकवला.

दुसऱ्या आवृत्तीत एक ओळ बदलली आहे.
आई आहे तशीच ठेवली;
एल्सपाने तिला रडवावं, हानुसने दगड करावं,
ती आता त्यांच्याकडे राहायला गेलीय,
मी रोज उठून विचारपूस कशाला करू?

तायतूरला सांगून टाकलं, खणाचं मला माहीत आहे.
बॅटऱ्या फेकल्या. कात्रणं राहू दिली.

आज एल्सपाने कॉड तोलताना विचारलं,
"पुढच्यातही रडारडच का?"
म्हटलं, अजून माहीत नाही गं.
तिने एक तुकडा जास्तीचा टाकला
आणि त्याचेही पैसे लावले.

योग्वानचं मात्र पत्र नाही.
दहाव्या प्रकरणात पोचला असेल, किंवा नसेल.
मंगळवारी बोट येते तेव्हा
मी खिडकीशी असते, इतकंच.