आतलं

गाडी खडखडते म्हणून आणली होती,
एवढंच.
कांजूरच्या गल्लीत, शटरवर अजून जुन्या मालकाचं नाव,
खाली खड्ड्यात अश्रफ नाखवा,
तोंडात टॉर्च.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो म्हणाला.
बाकीचे मेकॅनिक नुसतं कॅट म्हणतात, हा पूर्ण नाव घेतो.
त्याच्या पोटात पोळं असतं, मॅडम,
चिनीमातीचं. भोकाभोकातून
प्लॅटिनमचा हात फिरवलेला.
धूर त्यातून जातो नि निवतो.
तुमचं पोळं फुटलंय बहुतेक, तुकडे वाजतायत.

मग दर.
कंपनीचा बेचाळीस हजार.
बाहेरचा सोळा, गॅरंटी माझ्या तोंडाची.
आणि आवाज खाली करून:
डबा तसाच ठेवू, आतलं काढू.
वरून वेल्डिंग, त्यावर काळा रंग.
कुर्ल्याचा एक जण आतल्याचे पैसे देतो, वर.

अकरा मुलं, महिन्याला बाराशे,
मे महिना कोरडा.
मंगळसूत्राच्या वाट्या दोनदा गहाण पडून आल्या,
आणि प्लॅटिनम म्हणे मी
चार वर्षं बुडाखाली घेऊन हिंडतेय.
खरं सांगते, मी "काढा" म्हणाले.
लगेच नाही. चहा संपेपर्यंत थांबले.

ग्राइंडर. ठिणग्या.
मग नाखवा गप्प.
त्यानं डबा उपडा केला तर एक नट पडला,
घरंगळत गटाराच्या जाळीपाशी थांबला.
बाकी काही नाही.
कुणीतरी आधीच येऊन गेलेलं.
जुन्या वेल्डिंगची रेघ त्यानं बोटानं दाखवली,
हात चांगला आहे, म्हणाला, माझ्यापेक्षा.

गाडी मुलुंडच्या प्रधानांची.
कव्हर घालून ठेवायचे.
विकताना डॅशबोर्डवरचा गणपती हलकेच सोडवला,
एवढा नेतो, म्हणाले,
बाकी सगळं तुमचं.

आणि पीयूसी? चारही पास.
पंपाजवळचा पोरगा नंबरप्लेटचा फोटो काढायचा,
नळी पाइपाला दाखवल्यासारखी करायचा, शंभर घ्यायचा.
माझ्याकडे फाईल आहे.

सिग्नलला मागच्या सीटवरून मनवा म्हणायची,
मावशी, दिवाळीचा वास येतोय.
ट्रकचा असेल गं, मी म्हणायचे.
पुढे ट्रक असायचाच.

रागवायला कुणीतरी हवं होतं.
प्रधानांचा नंबर काढला, लावला नाही.
पाच मिनिटांपूर्वीचा माझा "काढा"
अजून गॅरेजमध्येच होता,
स्टुलावर, चहाच्या ग्लासाशेजारी.

सोळाचे हप्ते करशील? मी विचारलं.
नाखवानं मान हलवली. होची की नाहीची, कळेना.
नट पुसून माझ्या हातात दिला,
आणि पुन्हा खड्ड्यात उतरला.

शनिवार होता.
सोमवारी सहा पन्नासला कन्नमवार नगर,
पहिला हॉर्न.
नट अजून कोमट होता.