झाकणं

सहा महिन्यांसाठी कंपनीनं पाठवलं आखेनला.
शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत बसणार होतं ते यंत्र
तिथं आधी शिकून घ्यायचं, एवढंच काम.
बॅगेत वीस किलो, त्यातली दोन किलो चटणी.
बागवान म्हणाला, कमी पडेल.
पडली.

शुक्रवारी दुपारी तीनला युर्गन हात धुवायचा
आणि सोमवारपर्यंत जगात लोखंड नसायचं.
मला हे पहिले दोन शनिवार जमेना.
खोलीत बसलो, भात लावला,
समोरच्या बाईची जांभळी सायकल बघितली.
तिसऱ्या शनिवारी स्टेशनवर गेलो
आणि जी गाडी आधी सुटेल तिचं तिकीट काढलं.

लिएज. पुढच्या आठवड्यात मास्ट्रिख्ट.
मग कोलोन, ब्रुसेल्स, आणि एकदा झोप लागून भलतंच गाव,
ज्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
देश बदलायचा तेव्हा काहीच व्हायचं नाही,
फक्त मोबाइल खिशात थरथरायचा.
मला कोगनोळीचा नाका आठवायचा,
कुणी कुठं काही बोललं की
कागलातच थांबून राहिलेल्या एसट्या,
आणि निपाणीची आत्या फोनवर,
"मग आज नको येऊस बाळा. आमटी ठेवते फ्रिजात."

लोक वर बघायचे. मनोरे, घंटा, रंगीत काचा.
मीही बघितलं, नाही असं नाही.
पण सतरा वर्षं साच्यात वाळू ठोकलेल्या माणसाची
मान फार वेळ वर राहत नाही.
मला दिसायची रस्त्यातली झाकणं.
कुणावर मासा, कुणावर किल्ला, कुणावर नुसत्या चौकड्या.
कडेला उतार किती दिलाय,
कुठं वायू अडकून भोक राहिलंय,
कुठल्या भट्टीवाल्याला त्या दिवशी घरी जायची घाई होती,
सगळं कळायचं. भाषा येत नसताना.
स्वरूपाला फोटो पाठवायचो.
ती लिहायची, "चर्च कुठाय?"

गेंटमध्ये पाऊस पडून गेलेला.
वॅफलच्या गाडीसमोर, ओल्या गल्लीत,
एका झाकणावर अक्षरं होती, मेड इन इंडिया.
गावाचं नाव नव्हतं. ते कधीच नसतं.
मी गुडघ्यावर बसलो, हातमोजा काढला, हात ठेवला.
गार होतं. एवढंच.
एक म्हातारी थांबली, तिला वाटलं माझं काही पडलंय.
तिनं पर्समधून मोबाइल काढून उजेड धरला.
मग मलाही थोडा वेळ
शोधल्यासारखं करावं लागलं.

परत आलो. यंत्र बसलं. दोनदा बिघडलं, तेही शिकलोच होतो.
आमच्या खात्याची सुट्टी सोमवारी.
सोमवारी लेक शाळेत, स्वरूपा पतसंस्थेत,
आणि आमच्या स्टेशनात रूळ संपतात.
पुढं कोकणात जाणार म्हणतात, माझ्या लग्नाआधीपासून.
बागवान विचारतो, काय काय बघितलंस रे तिकडं?
मी चर्च सांगतो.

गेल्या सोमवारी तिकडचेच बूट घातले,
दोन केळी, पाण्याची बाटली,
आणि शनिवार असल्यासारखा निघालो.
शाहूपुरी पहिली गल्ली, दुसरी.
तिसरीत झाकणच नव्हतं,
भोकात लिंबाची फांदी रोवलेली, तिला लाल चिंधी.
कुणीतरी आठवणीनं रोवली होती, पानं ताजी होती.
चौथीत सापडलं एक जुनं,
टायरांनी घासून अक्षरं गेलेली, कडेला फक्त एक 'को' उरलेला.
गाडी गेली की टक् वाजायचं,
म्हणजे बैठक हललीय. पण ओतकाम चोख.
रिक्षावाला ओरडला, "ओ पाव्हणं, मरायचंय काय!"
पाव्हणं.
मी बाजूला झालो, फोटो काढला, पाठवला.
खाली लिहिलं, पोचलो.

"कुठं?"
"शाहूपुरी, चौथी गल्ली."
"मग येताना दळण घेऊन या."