न आलेला रविवार

शनिवारी संध्याकाळी थैलीच्या तळाशी एक पत्र राहिलं.
एतेल्विना फुर्तादो, घर नंबर एकशे बारा, कुडतरी.
दोनदा गेलो. दाराला कुलूप, बलकांवात मांजर.
रविवारी टपाल नसतं, हे सरकार जाणतं.
परदेशी तिकिटाचं पाकीट जाणत नाही,
रात्रभर माझ्या उशाशी जागं.

मी सत्तरीचा. या गावात सात वर्षं.
सहा दिवस पत्ते हुडकतो,
तळ्याच्या बांधावरून, भाटांतून, कुत्र्यांच्या मर्जीनं.
कुणाचं कुणाशी बोलणं बंद,
कुणाची केस कुठल्या कोर्टात,
पाकिटाच्या रंगावरून सांगेन.
आणि रविवारी पहिली घंटा झाली
की हे सगळे पत्ते आपापली दारं लावून
एका छपराखाली जाऊन बसतात.

चपला काढाव्यात की नको, या गोंधळात
इगर्जीच्या दारातच थांबलो.
आत मेणाचा वास, इस्त्रीचा, डांबरगोळ्यांचा.
फेर्मीन आणि त्याचा भाऊ,
मधल्या गडग्यावरून अकरा वर्षं कज्जा,
एकाच बाकाच्या दोन टोकांना.
पाद्री काही म्हणाले. सगळे एकमेकांकडे वळले,
हात जोडून शांती म्हणाले.
त्या दोघांनीही जोडले. खांबाकडे बघत,
पण जोडले.

रेंदेर कायतान आला नव्हता.
नाव कुणी घेतलं नाही. चार माना
त्याच्या जागेकडे वळल्या, परत आल्या,
आणि शेवटच्या गीताआधी
एक पोर सायकल काढून माडांकडे निघालं.

मीस सुटली. एतेल्विना पायरीवर भेटली.
पत्र देण्याआधी विचारलंच, सात वर्षांचं साठलेलं:
रविवारच का? देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून?

ती हसली. ‘तो शनिवार रे.
हा पयलो दीस.
पहाटे बायका गेल्या, मढ्याला लावायचं सुगंधी तेल घेऊन,
एवढा धोंडा सरकवणार कोण, ही काळजी करत.
धोंडा सरकलेलाच. आत कोणी नाही.
तेल हातात तसंच राहिलं.
आता सांग, असली बातमी
घरात एकटीनं बसून ऐकायची कशी?
चार माणसं लागतात.
तू टपालवाला, तुला तरी कळायला हवं.’

चष्मा विसरली होती. पाकीट फेर्मीनकडे दिलं,
त्यानं मोठ्यानं वाचलं, पायरीवर, सगळ्यांत:

‘माय, या आठवड्यात आम्हाला आयतार आलाच नाही.
सान फ्रान्सिस्कोहून जपानला जाताना
समुद्रात एक रेघ लागते.
शनिवारी निजलो, उठलो तो सोमवार.
कप्तान म्हणाला, हिशेब असाच असतो.
आम्ही पाच जण, पाळी सुटल्यावर
मशीनच्या खोलीमागे जमलो.
फिलिपिनो आचाऱ्यानं पाव दिला, कालचा.
मी वाचलं. तेओतोनं गीत धरलं, नेहमीसारखं वरच्या पट्टीत.
कोण राहिलं, म्हणून मोजलं. पाचही होतो.
तेव्हा झाला आयतार.
तुमच्या बाकावर माझी जागा
कुणाला देऊ नकोस.’

कुणी बोललं नाही. लहान पोरं
पाववाल्याच्या टोपलीकडे पळाली.
गर्दीच्या मागून भाऊ म्हणाला,
समुद्रात रेघ? ती कुणी मारली?
फेर्मीननं कागदावरून मान वर केली नाही.
‘असते,’ म्हणाला.
इतकंच.

सायकलवालं पोर परत आलं: कायतानाला ताप,
तीन दिवस चूल पेटलेली नाही.
दोघी-तिघी तिथूनच वळल्या,
एक पेजेच्या, एक काढ्याच्या बाता करत.
एतेल्विनानं पत्र घडी घालून
प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं, बोट घालून ठेवावं तसं.

मी मोकळी थैली घेऊन पायऱ्या उतरलो.
गडग्याच्या केसची नोटीस
कचेरीच्या खणात पडून आहे, दोघांच्या नावे एकेक.
द्यावी लागेल.
उद्या सोमवार,
निदान इथं तरी.