एक सूत

सोमवार. उद्यमनगर बंद.
शटर अर्धं वर, लेथवर पोतं टाकलेलं,
कटिंग ऑइलचा वास तेवढा सुट्टी घेत नाही.
इर्शादनं ड्रॉइंगांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला.
"मामा, पहिल्या भागापासनं सुरू करायचं.
थेट पाचव्यात उडी मारणारी माणसं वेगळी."
कुठल्या साली निघाला हा पहिला?
त्र्याण्णव.

त्र्याण्णव साली माझी करंगळीशेजारची गेली,
डाव्या हाताची, ह्याच मशीनवर,
जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना.
म्हटलं, लाव.

चार बटणं. पुढं, मागं, उजवं, डावं.
डाव्याचं बटण नेमकं त्या बोटाखाली येतं
जे नाही.
म्हणून मी उजवीकडंच सरकत राहिलो,
लोखंडी बोळातनं गोल गोल,
डॉक्टरनं दम दिल्यावर
माणसं रंकाळ्याला फेऱ्या घालतात तसा.
मग समोरून पहिलं आलं,
तपकिरी, काटेरी,
चौकोनाला चौकोन जोडून केलेलं जनावर.
त्यानं मला उभ्या उभ्या खाल्लं.
"गोळी झाडायची असती, मामा!"
मी त्याचे खांदे बघत होतो.
दोन्ही बाजू अगदी मापात होत्या.

दुसऱ्यांदा मेलो. पाचव्यांदा.
नवव्यांदा मेलो तेव्हा टिपुगड्यांच्या गाड्यावरचा चहा आला,
चहाचं पोरगंही किटली धरून बघत उभं राहिलं.
गोळ्या मी मोजून वापरतो.
पन्नास मिळाल्या तर पन्नासांचा हिशोब द्यायचा,
टूल-बिटांची सवय, जात नाही.
"मारा की! बँकेत ठेवणाराय काय?"

मग मी भिंती बघायला लागलो.
तीच प्लेट, तोच बोल्ट, तीच गंजाची रेघ,
एकच नमुना हजार वेळा चिकटवलेला,
आणि सांधा कुठंच नाही.
असं काम कुणी करून दाखवलं असतं
तर मी त्याला पगार वाढवून दिला असता.
तिसऱ्या टप्प्यात, निळ्या दाराच्या अलीकडं,
एक प्लेट
एक सूत खाली होती.

"इर्शाद, हे चुकलंय."
"भिंत हाय ती, मामा."
"भिंत न्हवं. नंतर बसवलीया."
दाबलं.
घरघरत वर गेली,
वंगण नसलेल्या शटरचा आवाज, थेट आमच्याच.

इर्शादनं चहा खाली ठेवला.
सातवीपासून खेळतोय तो,
राजारामपुरीच्या कॅफेत तासाला पंधरा रुपये भरून.
ही खोली त्याला ठाऊक नव्हती.

आत काडतुसांचा एक खोका.
एक खिडकी.
खिडकीबाहेर डोंगर, करडे, सपाट माथ्याचे,
दिवाळीच्या सुमारास हवा धुतलेली असते
आणि बावड्यातल्या गच्चीवरून पन्हाळा दिसतो, तसे.
जवळ गेलो तर नुसते ठिपके.
मागं आलो, डोंगर.
पुढं, ठिपके.
मागं.

"खोका घ्या आणि चला, मामा."
थांब की.
बाहेर जनावरं भिंतीला धडका देत होती,
बिचारी, आत कसं यायचं
त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.
मी करंगळी ताणली, वाकडी केली,
शेजारची मोकळी जागा ओलांडून
त्या बटणावर नेऊन टेकवली
आणि दुपारभरात पहिल्यांदा
डावीकडं सरकलो.

काही नव्हतं तिथं. दिव्याचा डाग.

बाहेर पडलो आणि दारातच मेलो.
इर्शादनं कपाळावर हात मारला.
चहाचं पोरगं म्हणालं, "शिल्लक किती?"
खाली आकडा होता, मी वाचून दाखवला.
सत्तेचाळीस.
आणि खोका तर अजून आतच.